पुस्तक परत आलं, आता पुढचं कुठलं सुचवायचं?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. 'ब' वर्ग, दाखल नोंदवहीत 11 हजारांच्या आसपास पुस्तकं, रोज संध्याकाळी देवघेव. मी कार्यकारिणीवर आहे, पोटापाण्याला पतपेढीत.

अडचण अशी की आमच्या ग्रंथपाल ताई 31 वर्षं खिडकीवर बसल्या आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाकडे एकदा बघायच्या, न विचारता आत जायच्या आणि दुसरं घेऊन यायच्या. "बघा, जमतंय का." बहुतेक वेळा जमायचं. आता नवा मुलगा आहे. मनापासून काम करतो, पण "यासारखं अजून काही आहे का रे?" असं कुणी विचारलं की तो कपाटाकडे बघतो आणि वाचक त्याच्याकडे.

गेल्या वर्षी देणगीतून संगणक आला. ओळखीच्या एका पोरानं नोंदींचा प्रोग्राम करून दिला. पुस्तक जमा केलं की पडद्यावर 'संबंधित पुस्तके' अशी चौकट येते, पाच नावं. पडदा वळवून वाचकाला दाखवायचा. पण ही नावं निघतात कशी, तर पुस्तकाच्या नावातले शब्द जुळवून. गेल्या पंधरा दिवसांतले पराक्रम:

'रणांगण' परत आलं. चौकटीत युद्धावरची पाच पुस्तकं.
'झाडाझडती' परत आलं. परसबाग, कुंडीतली भाजी, औषधी झाडं.
'माझा प्रवास' परत आलं. युरोपची सहल, नर्मदा परिक्रमा.
'गीतारहस्य' परत आलं. पाच रहस्यकथा!

शेवटचे वाचक 78 वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. ते पोट धरून हसले आणि त्यातली एक घेऊनही गेले, तो भाग वेगळा.

चौकट बंद करा असं कार्यकारिणीतल्या दोघांचं मत आहे. मला सुधारायची आहे. कशी सुधारू?

अवांतरकर

बंद कसली करताय, तिकीट लावा. लोकमान्यांनी मंडालेत बसून रहस्यकथा लिहिली हे वाचून दिवस सार्थकी लागला.

मुळ्येंचा_माळा

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: 'रणांगण' ही विश्राम बेडेकरांची 1939 ची कादंबरी, युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर घडते. युद्धाचं सावट आहे, पण रणगाडे शोधायला गेलात तर फसाल. 'झाडाझडती' धरणग्रस्तांची. आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' म्हणजे 1857 च्या धामधुमीत झाशीत अडकलेल्या वरसईच्या भिक्षुकाची हकिगत. 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापली. आमच्या गावच्या वाचनालयात ती माणसांनीच 'प्रवासवर्णन' कपाटात ठेवली होती, संगणकाला कशाला नावं ठेवायची?

रात्रपाळी

असल्या प्रोग्रामच्याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. नावातले शब्द जुळवणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती आणि मराठीत तीही नीट चालत नाही. इंग्रजी शब्दाला फारतर शेपूट लागतं. आपल्याकडे शब्दाचं अंगच बदलतं. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' सापडत नाही, 'विहीर' शोधलं तर 'विहिरीत' सापडत नाही. सामान्यरूप ओळखण्याची सोय आधी करावी लागते.

त्याहून छुपी भानगड म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्या' वगैरेंमधला तो अर्धा र. कळफलकावर तो दोन तऱ्हांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. नोंदी दोघातिघांनी केल्या असतील तर तुमच्याकडे निम्मी पुस्तकं निम्म्यांना ओळखत नसणार. आधी ते एकसारखं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मग पुस्तकाच्या नावाऐवजी मलपृष्ठावरच्या मजकुरावरून जुळवा.

देवघेव_खिडकी

@रात्रपाळी, अर्ध्या र चं करून घेतो, धन्यवाद. पण 11 हजार मलपृष्ठं टंकणार कोण? आमचा मुलगा एकटा आहे आणि सहानंतर खिडकीवर रांग असते.

जुना_शिक्का

पुण्यातल्या एका महाविद्यालयात 27 वर्षं ग्रंथपाल होतो. इथे प्रोग्रामच्या गप्पा चालल्यात, मला आधी एक सांगा: पुस्तकांना वर्गांक, म्हणजे विषयानुसार क्रमांक, दिलेत का?

देवघेव_खिडकी

नाही सर. कादंबरीला 'क', इतिहासाला 'इ', चरित्राला 'च' आणि पुढे येईल तसा आकडा. क-2140 नंतर क-2141.

जुना_शिक्का

मग दुखणं तिथे आहे. क-2140 च्या शेजारी क-2141 का उभी आहे? कारण ती त्याच दिवशी विकत आणली. एवढंच नातं!

आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असताना दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला, त्याच त्या पट्ट्या आणि खिळे जोडून वेगवेगळ्या वस्तू होतात. त्यावरून त्यांना द्विबिंदू वर्गीकरण सुचलं, ते 1933 मध्ये छापून आलं. एका पुस्तकाचा एकच खण नसतो. विषय, जागा, काळ असे तुकडे जोडून त्याचा पत्ता तयार होतो. गोडसे भटजींचे तुकडे पाडा: 1857, झाशी, प्रत्यक्षदर्शी, भिक्षुकी, प्रवास. यातल्या कुठल्याही तुकड्यावरून दुसऱ्या पुस्तकाकडे जाता येतं.

दुसरी गोष्ट, फळी कशी लागावी याबद्दलची. वाचकाला हवं ते पुस्तक मध्यभागी, ती गडद छाया. दोन्ही बाजूंना जवळच्या विषयांची फिकट छाया. मग परकी पुस्तकं. फळीवर हात फिरवताना माणूस गडदकडून फिकटकडे सरकला पाहिजे. तुमच्या चौकटीत पाच पुस्तकं येतात ना? दोन गडद ठेवा, तीन फिकट. पाचही गडद दिलीत तर तो एकाच खोलीत फिरत राहील.

आणि कपाटांची कुलपं काढा. मुक्तद्वार पद्धत आहे की खिडकीतून चिठ्ठी?

देवघेव_खिडकी

खिडकीतून चिठ्ठी. 😔 मुक्तद्वार केलं तर पुस्तकं जातात अशी भीती ज्येष्ठांना आहे.

अवांतरकर

आमच्याकडे कुलूप होतं तरी गेली. कसर आतूनच खाते.

अनुस्वार

जुना_शिक्का सरांबद्दल आदर आहे, पण कादंबऱ्या वाचणारा माणूस विषय बघून वाचत नाही हो. माझी आई आठवड्याला दोन पुस्तकं संपवते. तिचे निकष: अक्षर मोठं हवं, "रडकं नको", आणि शेवटी कुणी मरत असेल तर आधी सांगायचं. यातला कुठला तुकडा द्विबिंदूत बसतो?

शिवाय ती अनुवादकाच्या नावावर पुस्तक मागते. कन्नड लेखक भैरप्पांची कादंबरी तिच्या लेखी "उमा कुलकर्णींचं पुस्तक". उमाताईंनी दुसऱ्या कुणाचं आणलं असेल तर तेही हवं. तुमच्या नोंदीत अनुवादकाचा रकाना आहे का, ते बघा. बहुतेक ठिकाणी नसतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले तेव्हापासून आपण अनुवादकाच्या बोटाला धरून बंगाल फिरतोय आणि नोंदवहीत त्याला जागा नाही.

देवघेव_खिडकी

रकाना नाही. आत्ता बघितलं. लाज वाटली.

टोरांटोची_माई

आमच्या इथल्या मंडळाची साडेसहाशे पुस्तकं माझ्या तळघरात आहेत. वर्गीकरण उंचीप्रमाणे. नवऱ्यानं फळ्या ठोकल्या त्या मापानं लावली. पण गंमत सांगते, उंचीमुळे सगळे दिवाळी अंक आणि पाककृती शेजारी आल्या, आणि अंक न्यायला आलेले लोक पाककृती घेऊन जायला लागले. आधी त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

सातारी_कंदी

माई, दिवाळी अंक काढलातच म्हणून. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून शंभरावर वर्षांचा माल साठलाय. पण अंकातली कथा म्हणजे ट्रंकेच्या तळाची पैठणी. फेब्रुवारीनंतर तिच्यापर्यंत कोण पोचतं? नोंद होते 'दिवाळी अंक 1987, प्रत 1' एवढीच. आत एखाद्या मोठ्या लेखकाची संग्रहात न आलेली कथा असेल, तर त्या लेखकाचं पुस्तक परत करणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

आमच्याकडे एक आजोबा दोनशे पानी वहीत हातानं सूची करायचे, अंक, पान, लेखक, विषय. ते गेल्यावर वही रद्दीत जाताना मी पकडली. 14 वर्षांचे अंक आहेत त्यात. खिडकीभाऊ, हवी असेल तर फोटो काढून पाठवतो.

देवघेव_खिडकी

हवीच आहे! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मांडवीकाठ

गोंयांतल्यान राम राम. आमची अडचण अजून एक पायरी पुढची. गोव्याचा इतिहास एका भाषेत पुरा होत नाही. थोडा मराठीत, थोडा कोंकणीत, थोडा इंग्रजीत, आणि मुळं पोर्तुगीजमध्ये. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चं, आता कृष्णदास शामांच्या नावानं आहे. तिथे बसून वाचताना मला जाणवलं की एका भाषेतलं पुस्तक दुसऱ्या भाषेतल्याकडे बोट दाखवेल अशी सोय आपल्याकडे, म्हणजे कुठेच, मुद्दाम करावी लागते. शब्द जुळवून ती होणारच नाही, लिपीच वेगळी. तिथे विषयाचा क्रमांकच लागतो. या बाबतीत मी शिक्का सरांच्या बाजूनं.

पावली_कम

मराठी विश्वकोशाचे खंड उघडून बघा. नोंद वाचता वाचता मध्येच एखाद्या शब्दाआधी बाणाची खूण येते, म्हणजे त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे. वाईला तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली बसून माणसांनी ते बाण घातले. मी लहानपणी 'कापूस' उघडून संध्याकाळी कुठल्या तरी भलत्याच खंडात पोचायचो. बाण वाक्याच्या मध्ये होता म्हणून मागे गेलो. तळाला यादी असती तर कदाचित गेलो नसतो.

रात्रपाळी

बरं, शिक्का सर सगळ्यांना वर्गांक देऊन होईपर्यंत माझा नातू निवृत्त होईल. दुसरी वाट सांगतो. देवघेवीची नोंद तुमच्याकडे आहेच. 'हे पुस्तक नेणाऱ्यांनी आणखी काय नेलं' ते मोजा. कुणाला काहीच टंकावं लागत नाही.

एक सावधगिरी. नुसतं मोजलंत तर प्रत्येक पुस्तकाखाली गावातली तीच पाच लोकप्रिय पुस्तकं येतील, कारण ती सगळेच नेतात. ज्या घरी जाल तिथे पोहे मिळाले म्हणून पोह्यांचं त्या घराशी खास नातं ठरत नाही. एरवी जेवढं जातं त्याच्यापेक्षा या वाचकांमध्ये ते जास्त गेलंय का, हे बघायचं. सभासद किती?

देवघेव_खिडकी

412. नियमित येणारे दीडशे.

रात्रपाळी

मग कठीण आहे. दीडशे माणसांत एखादी जोडी दोनतीनदा जुळणं हा योगायोगही असतो. एका घरात सासू-सून एकाच कार्डावर वाचत असतील तर तुमचा प्रोग्राम म्हणेल की पंचांग आणि स्पर्धा परीक्षा यांचा घनिष्ठ संबंध आहे. पाच वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यात तर काही हाती लागेल.

काळा_कोट

थांबा. 412 सभासदांच्या गावात हे करू नका.

मी वकिली करते. लहानपणी आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर नेणाऱ्यांचे सभासद क्रमांक असायचे. गावात सगळ्यांना सगळ्यांचे क्रमांक पाठ. एका बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं आणि ते परत यायच्या आत त्यांच्या सासरी पोचलं. पुस्तक नाही, बातमी. त्या पुन्हा वाचनालयात आल्या नाहीत. आता तुमचा पडदा वळवून दाखवलात की "हे नेणाऱ्यांनी तेही नेलं", आणि नेणारे दोघेच असतील, तर गाव पाच मिनिटांत नाव सांगेल.

रात्रपाळी

मुद्दा मान्य. आमच्या धंद्यात याचं मोठं उदाहरण आहे. नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये 10 लाख डॉलरची स्पर्धा लावली होती: आमच्या शिफारसी 10 टक्क्यांनी सुधारून दाखवा. त्यासाठी प्रेक्षकांच्या पसंतीच्या नोंदी नावं काढून खुल्या केल्या. टेक्सास विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी त्या दुसऱ्या एका उघड संकेतस्थळावरच्या नोंदींशी ताडून काही माणसं ओळखून दाखवली. बक्षीस 2009 मध्ये दिलं गेलं, दुसरी स्पर्धा ठरली होती ती 2010 मध्ये रद्द झाली.

किमान दहा वेगवेगळ्या वाचकांनी नेलेली जोडीच दाखवायची आणि आरोग्य, कायदा वगळायचं, असं करता येईल. पण मग तुमच्याकडे फारसं काही उरणार नाही, हेही खरं.

जुना_शिक्का

म्हणजे आलात ना फिरून वर्गांकावर.

रात्रपाळी

सर, वर्गांकावर आलो तर ज्ञानेश्वरी कुठे ठेवू? ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात 294.5 म्हणजे हिंदू धर्म, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. 200 ते 299 धर्माला दिले, त्यात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला आणि उरलेल्या जगाला 290 ची वळचण. आणि गडकऱ्यांचं काय करू? नाटकं राम गणेश गडकरी, कविता गोविंदाग्रज, विनोद बाळकराम. वर्गांक तिघांना तीन कपाटांत पाठवणार.

जुना_शिक्का

नावांसाठी प्रमाण यादी ठेवतात. तिन्ही नावांपुढे एकच प्रमाण नाव, बाकी दोन 'पहा' म्हणून. हे आम्ही तुमच्या जन्माआधी कार्डांवर करत होतो. ज्ञानेश्वरीचं मात्र बरोबर बोललात. मी दोन प्रती घेऊन दोन्हीकडे ठेवायचो.

अवांतरकर

दोघांनी चहा घ्या. 'माडगूळकर' म्हटल्यावर गदिमा की व्यंकटेश हे ठरवायला तिसरा धागा काढू.

नुसती_वाचक

मी क्वचित लिहिते, पण खिडकीच्या या बाजूची माणूस म्हणून सांगते. पाच नावं का? प्रत्येक वेळी पाच भरायलाच हवीत म्हणून तुमचा संगणक परसबागेपर्यंत जातो. एकच चांगलं असेल तर एक दाखवा. नसेल तर काही दाखवू नका, मला राग येणार नाही. आणि का दाखवताय ते लिहा. "याच बाईंचं आत्मचरित्र", "हीच घटना दुसऱ्या बाजूनं", "याच नदीकाठचं". कारण दिसलं की पटलं नाही तरी चालतं. कारण नसलं की मला वाटतं, खपत नाही ते गळ्यात मारताहेत.

अनुस्वार

+१. बाकी धागाभर एक प्रश्न कुणी विचारला नाही. निवृत्त ताईंना विचारलंत का?

देवघेव_खिडकी

नाही. त्या शेवटच्या दिवशी निघाल्या तेव्हा सत्काराला नारळ देताना आम्ही वीज गेली म्हणून घाई केली होती. तोंड दाखवायला जड जातंय.

टोरांटोची_माई

जा रे बाबा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको म्हणजे झालं.

देवघेव_खिडकी

काल जाऊन आलो. दीड तास बसलो, फणसाचे गरे खाल्ले.

मी विचारलं, पुस्तक बघून पुढचं कसं सुचायचं तुम्हाला? म्हणाल्या, "पुस्तक मी नंतर बघायचे. आधी तारीख चिठ्ठी." दोन दिवसांत परत आलं तर एकतर अधाशासारखं वाचलं किंवा वीस पानांत टाकलं. मग एकच प्रश्न विचारायच्या, शेवट कसा वाटला? उत्तरावरून कळायचं. पंधराव्या दिवशी, दंड लागायच्या आदल्या संध्याकाळी आलं, तर वाचलेलं नाही, घरी पडून होतं. त्याला तसलंच दुसरं देणं म्हणजे शिक्षा.

आणि म्हणाल्या, "सारखं कशाला द्यायचं? पोटभर जेवलेल्या माणसाला परत पान वाढतात का? विडा देतात." धरणाची कादंबरी वाचून आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी त्या दिवशी विनोदी पुस्तक दिलं होतं आणि महिन्यानं धरणांवरचा लेखसंग्रह. महिनाभर तो त्यांच्या डोक्यात होता, हे मला नवीन होतं.

मग ठरलं ते असं. चौकट तूर्त बंद केली आहे (कार्यकारिणी खूश). अर्धा र आणि अनुवादकाचा रकाना दुरुस्त होतोय. लेखकांची प्रमाण यादी शिक्का सरांनी व्यनितून पाठवायला सुरुवात केली आहे. वाचकांच्या नोंदींना हात लावणार नाही. ताई आठवड्यातून एकदा, बुधवारी, येऊन बसणार. नवा मुलगा त्यांना पुस्तकं दाखवेल, त्या सांगतील आणि तो गुलाबी चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या खिशात घालेल: पुढचं पुस्तक आणि ओळभर कारण. खाली वाचकासाठी दोन ओळी कोऱ्या. त्याच चिठ्ठ्या संगणकात गेल्या की चौकट परत चालू करू, असतील तेवढीच नावं आणि कारणासकट.

जुना_शिक्का

चिठ्ठीवर वर्गांकापुरती जागा सोडा. बाकी ताईंना नमस्कार सांगा. तारीख चिठ्ठीचं मला 27 वर्षांत सुचलं नाही.

पावली_कम

वाचनखूण साठवली. चिठ्ठ्यांचं काय झालं ते लिहा.

देवघेव_खिडकी

(सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. 190 चिठ्ठ्या झाल्या. दर बुधवारी तीसच्या आत, कारण मध्ये गप्पा होतात. 'माझा प्रवास'च्या चिठ्ठीवर ताईंनी झाशीच्या राणीचं चरित्र सांगितलं, कारण "भटजींनी तटाच्या आतून पाहिलं, हे पुस्तक सगळीकडून बघतं". 'रणांगण'च्या खाली कोऱ्या ओळींवर भांडण जुंपलंय. एकानं लिहिलं, "यानंतर आठ दिवस काही वाचू नये." खाली दुसऱ्या अक्षरात, "मग वाचनालय चालायचं कसं?"

'गीतारहस्य'च्या चिठ्ठीवर मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हातानं एका रहस्यकथेचं नाव लिहिलंय. कारण: "कर्मयोगानंतर थोडे कर्मफळ." ताई म्हणाल्या, राहू दे.

अवांतरकर

कुठली रहस्यकथा ते सांगा आधी.